फासे तुमच्या हातात आल्यावर: क्रॅप्सच्या नव्या शूटरसाठी

क्रॅप्सच्या टेबलाभोवती दहा-पंधरा माणसं उभी असतात आणि त्या सगळ्यांचे पैसे एकाच माणसाच्या हातातल्या दोन फाशांवर लागलेले असतात. लास वेगास असो की अटलांटिक सिटी, कॅसिनोतल्या इतर बहुतेक खेळांत पत्ते किंवा चक्र डीलरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या ताब्यात असतं. इथे दान खेळणारा स्वतः टाकतो. फासे टाकणाऱ्याला शूटर म्हणतात, आणि पहिल्यांदा शूटर होताना हात थरथरतो तो पैशांपेक्षा लोकांच्या नजरांमुळे.

या टेबलावरचे शिष्टाचार लांबून पाहिले की भरमसाट वाटतात. एकच हात वापरा, फासे भिंतीला लागू द्या, नोट हातात देऊ नका, ठरावीक आकडा तोंडातून काढू नका. पण जवळजवळ सगळ्या नियमांच्या मुळाशी दोनच कारणं आहेत. फासे सतत सगळ्यांच्या नजरेसमोर राहिले पाहिजेत, आणि खेळाची लय तुटता कामा नये. ही दोन कारणं पक्की डोक्यात बसली की नियम पाठ करावे लागत नाहीत. शूटरने लक्ष द्यायचं तेही इथेच. कोणतं दान पडेल ते तुमच्या हातात नाही. फासे कसे उचलले, कधी टाकले आणि कुठे पडले, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

आधी टेबल ओळखून घ्या

टेबल साधारण 12 ते 14 फूट लांब, पसरट नावेसारखं. कडेने उंच भिंत. भिंतीच्या वरच्या काठावर, तुमच्या पोटाच्या उंचीला, चिप्स (पैशांऐवजी लावायच्या रंगीत चकत्या) उभ्या ठेवायच्या खाचा. टेबलाच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने रबराचं अस्तर असतं आणि त्यावर छोट्या पिरॅमिडसारखे उंचवटे. फासे त्यावर आपटून कुठेही उसळावेत, याचसाठी ते आहेत.

एका लांब बाजूच्या मधोमध बॉक्समन बसतो. पैशांचा हिशेब आणि शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या दोन्ही हातांना एकेक डीलर उभा असतो, आणि प्रत्येक डीलर टेबलाचं आपल्याकडचं टोक सांभाळतो. बॉक्समनच्या समोर, दुसऱ्या बाजूला, लांब वाकडी काठी घेतलेला स्टिकमन. फासे सरकवणं, दान पुकारणं आणि मधल्या चौकटीतल्या जोखमीच्या बेट्स, म्हणजे पैजा, सांभाळणं हे त्याचं काम. खेळणारे स्टिकमनच्या दोन्ही बाजूंना आणि टेबलाच्या दोन्ही टोकांना उभे राहतात.

नवख्याने शक्यतो स्टिकमनच्या लगतची जागा धरावी. तुमच्यापासून दूर असलेल्या टोकाच्या भिंतीपर्यंत फासे पोचवायचे असतात. स्टिकमनजवळून हे अंतर टोकाला उभं राहून टाकण्यापेक्षा बरंच कमी पडतं, म्हणून जोर कमी लागतो आणि चुका कमी होतात. टोकाला उभं राहिलं की जवळजवळ पूर्ण टेबल ओलांडून टाकावं लागतं, आणि तिथेच नवीन माणूस एकतर फार हळू टाकतो किंवा फासे बाहेर उडवतो.

नेवाडा (लास वेगासचं राज्य) आणि न्यू जर्सी (अटलांटिक सिटीचं) दोन्हीकडे वयाची अट 21 वर्षांची आहे. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र मागतातच, पासपोर्ट जवळ ठेवा. जाण्याआधी किमान दहा मिनिटं मागे उभं राहून एका शूटरची पूर्ण पाळी पाहा. टेबलाची किमान रक्कम डीलरजवळच्या छोट्या पाटीवर लिहिलेली असते. ती न वाचता घुसलात तर 10 डॉलरचा समज आणि 25 डॉलरची वस्तुस्थिती अशी गल्लत होते.

पैसे कसे बदलून घ्यायचे

यात पहिल्याच मिनिटाला चूक होते. डीलरच्या हातात नोटा द्यायच्या नसतात. तो घेणारच नाही, कारण छतावरच्या कॅमेऱ्याला हातातून हातात काय गेलं ते नीट दिसत नाही. नोटा टेबलावर, आपल्या समोरच्या डीलरपुढे ठेवा आणि ‘चेंज ओन्ली’ म्हणा. हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. नाहीतर नोटा कुठल्यातरी चौकटीवर लावलेल्या बेटसारख्या दिसतात. बॉक्समन त्या मोजेल, पेटीत सारेल, आणि डीलर तुमच्यापुढे चिप्स सरकवेल. त्या मोजून घ्या आणि आपल्या खाचेत लावा.

वेळही नीट निवडा. फासे स्टिकमनसमोर मधोमध पडून आहेत आणि मागच्या दानाचे पैसे वाटले जातायत, ती वेळ योग्य. फासे शूटरच्या हातात असताना नोटा पुढे टाकल्या की सगळं टेबल थांबतं आणि दहा माणसं तुमच्याकडे वळून पाहतात.

किती बदलायचे? पास लाईनवर (शूटर जिंकेल यावरची मूळ बेट) एका वेळी जेवढे लावणार त्याच्या साधारण वीसपट. 15 डॉलरच्या टेबलावर 300. त्याहून कमी घेऊन आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाईट पाळीतच खाचेकडे बघत बसतो आणि मग फाशांवर लक्ष राहत नाही. हे 300 परत येणार नाहीत असं धरूनच बाजूला काढा. तेवढे घालवणं परवडत नसेल, तर त्या दिवशी नुसतं मागे उभं राहून पाहावं.

अमेरिकन कॅसिनोत चिप्सचे रंग बहुतेक ठिकाणी सारखे असतात. पांढरी 1 डॉलर, लाल 5, हिरवी 25, काळी 100.

शूटरला लागतो तेवढाच खेळ

फासे टाकायचे तर तुमची पास लाईन किंवा डोन्ट पासवर (शूटर हरेल यावर) किमान रकमेची बेट हवी. ती नसेल तर स्टिकमन फासे देणार नाही.

पहिली फेक म्हणजे कम-आऊट. तेव्हा डीलरपाशी असलेली गोल चकती काळी बाजू वर करून ‘ऑफ’ दाखवते. या फेकीत 7 किंवा 11 आले तर पास लाईन जिंकते. 2, 3 किंवा 12 आले तर हरते, पण फासे तुमच्याकडेच राहतात. 4, 5, 6, 8, 9, 10 यांपैकी काही आलं तर तो पॉईंट. चकती उलटून पांढरी ‘ऑन’ बाजू वर येते आणि त्या आकड्यावर बसते. मग तोच आकडा पुन्हा येईपर्यंत किंवा 7 येईपर्यंत टाकत राहायचं. आकडा आला तर पास लाईन जिंकली आणि पुन्हा तुमचीच कम-आऊट. 7 आले तर ‘सेव्हन आऊट’. पाळी संपली, फासे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे तुमच्या डाव्या हाताच्या माणसाकडे गेले.

पॉईंट ठरल्यावर पास लाईनचे पैसे उचलता येत नाहीत. त्यांच्या मागे मात्र ‘ऑड्स’, म्हणजे त्याच पॉईंटवर जादा रक्कम, लावता येतात, आणि संपूर्ण टेबलावर कॅसिनोचा काहीच हिस्सा नसलेली ही एकमेव बेट आहे. 4 आणि 10 ला एकास दोन, 5 आणि 9 ला दोनास तीन, 6 आणि 8 ला पाचास सहा मिळतात. म्हणून 5 किंवा 9 वर सम रक्कम लावा आणि 6 किंवा 8 वर पाचाच्या पटीत. नाहीतर डीलरला अपूर्णांक खाली उतरवून द्यावा लागतो, म्हणजे तुमचंच नुकसान. किती पट ऑड्स चालतात ते टेबलावर किंवा पाटीवर लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी 4-10 ला तिप्पट, 5-9 ला चौपट, 6-8 ला पाचपट.

पास लाईनवर कॅसिनोचा हिस्सा 1.41 टक्के, म्हणजे 15 डॉलरच्या एका निकाली बेटमागे सरासरी 21 सेंट. 6 किंवा 8 ‘प्लेस’ केला, म्हणजे 7 च्या आधी तो आकडा येईल यावर पैसे लावले, तर 1.52 टक्के. इथे 7:6 ने पैसे मिळतात, म्हणून ही बेट सहाच्या पटीत लावायची. 15 डॉलरच्या टेबलावर 18. स्टिकमन उत्साहाने पुकारत असतो त्या मधल्या चौकटीत मात्र हार्ड सिक्स (3-3) आणि हार्ड एट (4-4) या ‘हार्डवे’, म्हणजे जोडीने आकडा येण्यावरच्या बेट्सवर हिस्सा 9.09 टक्के, तर ‘एनी सेव्हन’वर (पुढच्याच फेकीला सात) तब्बल 16.67 टक्के. नवीन शूटरने त्या चौकटीपासून लांब राहावं. पैशांचं कारण आहेच, पण दुसरं कारणही मोठं आहे. चार ठिकाणी लावलेल्या चिप्सवर नजर ठेवणारा माणूस फासे नीट टाकत नाही.

स्टिकमन फासे पुढे सरकवतो तेव्हा

तुमची पाळी आली की स्टिकमन काठीने बहुधा पाच फासे तुमच्यापुढे आणेल. दोन निवडा. उरलेले तो परत ओढून वाटीत टाकेल. कोणते दोन घेतले याने काही फरक पडत नाही. हे फासे पारदर्शक सेल्युलोज ॲसिटेटचे, साधारण 19 मिलिमीटरचे, धारदार कडांचे असतात. प्रत्येकावर कॅसिनोचं चिन्ह आणि क्रमांक छापलेला. ठिपक्यांचे खड्डे त्याच वजनाच्या रंगाने भरून पृष्ठभागाशी समतल केलेले असतात, त्यामुळे एकही बाजू हलकी नसते. वीस सेकंद पाचही फासे निरखत बसणाऱ्याला कुणी जाणकार समजत नाही.

टाकायचं नसेल तर ‘पास द डाइस’ म्हणा आणि हाताने डावीकडे खूण करा. यात अपमानाचं काही नाही, कितीतरी जुने खेळाडू फासे कधीच उचलत नाहीत. नवख्यासाठी तर पहिला अर्धा तास नुसत्या बेट्स लावून लय पकडणं हा चांगला मार्ग आहे.

आता हाताविषयी. क्रम असा ठेवा:

1. काठी पूर्ण मागे जाऊ द्या. काठी फाशांना लागलेली असताना हात घालू नका.
2. एकाच हाताने फासे उचला. दुसरा हात कठड्यावर किंवा खाली. एका हातातून दुसऱ्या हातात फासे घेणं हा इथला सगळ्यात गंभीर गुन्हा, कारण खोटे फासे घुसवणारा नेमकं तेच करतो.
3. हात टेबलाच्या आत, टेबलाच्या वर ठेवा. कठड्याच्या बाहेर, छातीजवळ किंवा तोंडाजवळ आणू नका. फुंकर मारायची हौस असेल तर हात टेबलावरच ठेवून वाकून मारा. तीही न मारलेली बरी.
4. मूठ झाकून कचाकचा हलवू नका. दोन-तीन सैल झटके पुरेत. फासे कापडावर घासू नका, एकमेकांवर आपटू नका. धार बोथट होते आणि बॉक्समनच्या कपाळाला आठी पडते.
5. उचलल्यापासून दोन-तीन सेकंदांत टाका.

चूक झाली आणि डीलर ‘वन हँड प्लीज’ म्हणाला तर घाबरू नका. फासे तिथेच खाली ठेवा, दुसरा हात मागे घ्या, पुन्हा उचला. बॉक्समन कदाचित फासे मागवून क्रमांक तपासेल. ते त्याचं रोजचं काम आहे, तुमच्यावरचा आरोप नव्हे. माफी मागत बसलात तर उलट जास्त वेळ जातो.

फासे विशिष्ट बाजू वर करून जुळवण्याची, म्हणजे ‘सेट’ करण्याची पद्धत बरेच जण वापरतात. सगळ्यात माहितीची रचना हार्डवेची. एका फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते. दोन्ही फासे शेजारी धरून 1 आणि 6 कडेला घेतले आणि उरलेल्या चार बाजूंना 2-2, 3-3, 4-4, 5-5 अशा जोड्या आणल्या, तर सभोवार कुठेही सात दिसत नाही. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात पिरॅमिडचं रबर ही रचना पहिल्याच टप्प्यात मोडून टाकतं, आणि फेकीने दान ठरवता येतं याचा भरवशाचा पुरावा नाही. सेट करण्याचा खरा उपयोग एवढाच की प्रत्येक वेळी तीच कृती केली की हात शांत राहतो. तीन सेकंदांत जमत असेल तर करा. आठ-दहा सेकंद फासे फिरवत बसलात तर टेबलावरची माणसं कुजबुजायला लागतात आणि डीलर ‘लेट्स रोल’ म्हणून टोकतो. ते योग्यच आहे.

फेक

हा भाग घरी करून पाहावा. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला जाड घडी केलेला टॉवेल उभा करायचा आणि दुसऱ्या टोकाकडून टाकायचं. दानाकडे बघायचंच नाही, फासे कुठे आपटतात तेवढंच बघायचं.

अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला. बोटांची पेरं फाशांवर टेकलेली, दाबलेली नाहीत. फासे घट्ट आवळले की बोटं एकाच वेळी सुटत नाहीत. एक फासा आधी निघतो, दुसरा मागे अडकून तिरका उडतो, आणि टेबलाबाहेर जातो तो बहुधा हा दुसराच. हात खालून वर, झोपाळ्यासारखा पुढे जाऊ द्या. जोर खांद्यातून येतो. मनगटाला झटका दिला की फाशांना जास्त फिरकी बसते आणि ते भिंतीवरून वेडेवाकडे परततात.

उंची किती? समोरच्या डीलरच्या डोळ्यांच्या खाली. त्याहून उंच गेले की ते उभे खाली येतात, उभे उसळतात, आणि कुणाच्या खाचेत किंवा ग्लासात जाऊन पडतात. फासे समोरच्या भिंतीच्या एक वीत अलीकडे कापडावर पडावेत, पुढे सरकून रबराला लागावेत आणि परत थोडे मागे यावेत. कानांनाही हे कळतं. कापडावर एक दबका आवाज, लगेच रबराचा मऊ आवाज, मग शांतता. नुसता रबराचा जोरदार आवाज आला तर जोर जास्त झाला. रबराचा आवाजच आला नाही तर कमी.

दोन्ही फासे समोरच्या भिंतीला लागले पाहिजेत, हा पक्का नियम. एखादा अलीकडेच थांबला तर बहुतेक वेळा दान धरलं जातं, पण ताकीद मिळते. वारंवार झालं तर बॉक्समन ‘नो रोल’ देतो किंवा फासे पुढच्याकडे पाठवतो. कारण उघड आहे. भिंतीला न लागता घसरत गेलेला फासा उलटा न होता तसाच थांबू शकतो, आणि मग दान पडलं की ठेवलं हा प्रश्न उरतो.

कुठे टाकायचं हेही आधीच ठरवा. समोरच्या टोकाला चिप्सच्या चळती असतात, खेळणाऱ्यांच्या आणि डीलरच्याही. त्यांच्यामधली मोकळी पट्टी शोधा आणि तिथे टाका. फासे चळतीवर आदळले तर दान धरतात, पण डीलरला विखुरलेल्या चिप्स आठवून पुन्हा लावाव्या लागतात. एखादा फासा चिपच्या कडेवर कललेला राहिला, तरी कोणती बाजू वर धरायची ते स्टिकमन ठरवतो. तिथे हात घालून दाखवायला जाऊ नका. बॉक्समनसमोरच्या चिप्सच्या रांगेत फासा घुसला तर बहुधा दान बाद होतं.

हात सुटल्यावर फाशांच्या मागे वाकू नका. सरळ उभं राहा आणि स्टिकमनची पुकार ऐका. ‘यो’ म्हणजे 11. इलेव्हन आणि सेव्हन गोंगाटात सारखेच ऐकू येतात, म्हणून तो ‘यो’ लावतो. ‘हार्ड एट’ म्हणजे 4-4, ‘ईझी एट’ म्हणजे 5-3 किंवा 6-2.

फासा टेबलाबाहेर गेला तर

प्रत्येकाचा कधी ना कधी जातो. स्टिकमन ‘नो रोल’ पुकारतो, त्या फेकीचं दान धरत नाहीत. फासा तुमच्या पायाशी नसेल तर शोधायला धावू नका. पायाशी असेल तर उचला, उघड्या तळव्यावर दिसेल असा धरा आणि टेबलावर बॉक्समनपुढे ठेवा. परस्पर पुन्हा टाकायला घेऊ नका. तो क्रमांक आणि चिन्ह बघेल, फिरवून तपासेल, मग खेळात घेईल.

तेच फासे हवे असतील तर लगेच आणि मोठ्याने ‘सेम डाइस’ म्हणा. उशीर केलात तर वाटीतले नवे पुढे येतील. फासा बाहेर गेला की पुढच्या फेकीला सात येतात अशी टेबलावर समजूत आहे. काही जण तेवढ्यात आपल्या बेट्स तात्पुरत्या ‘ऑफ’ करतात. त्यांना तो हक्क आहे, मनावर घेऊ नका. सात पडण्याची शक्यता त्याही फेकीला छत्तीसात सहाच.

लक्ष कुठे ठेवायचं

एका शूटरची पाळी सरासरी साडेआठ फेकींची असते. 2009 साली अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत पॅट्रिशिया डेमॉरो यांनी सलग 154 फेकी केल्या. ती पाळी चार तासांहून जास्त चालली. दुसऱ्या टोकाला, पॉईंट ठरल्यावर पुढच्याच फेकीला पाळी संपणं हे दर सहा वेळांत एकदा घडतं. दोन्ही गोष्टी एकाच फाशांनी घडतात. म्हणून दोन फेकींत सेव्हन आऊट झाल्यावर ‘सॉरी’ म्हणायचं नाही आणि लांब पाळीनंतर श्रेय घेत बसायचं नाही. टाळ्या वाजल्या तर हसून मान डोलवा, पुरे.

प्रत्येक फेकीआधी चार गोष्टी, रोज त्याच क्रमाने. माझी बेट जागेवर आहे का, ऑड्स लावायचे राहिले नाहीत ना. डीलरचे हात टेबलातून बाहेर आले का. समोरच्या टोकाला कुणाचा हात आत लोंबतोय का. मग फेक पडायची जागा, आणि फक्त ती जागा. याला सवय झाल्यावर तीन सेकंदही लागत नाहीत, आणि गोंधळात चूक होते ती याच चारपैकी एक गोष्ट सुटल्यामुळे. सर्वांत जास्त सुटते ती पहिली. पॉईंट ठरला की आनंदात फासे उचलले जातात आणि ऑड्स राहून जातात. फासे हातात घेतल्यावर मग चिप्स शोधायला खाली बघू नका. खाली ठेवा, बेट लावा, पुन्हा उचला.

दोन फेकींच्या मध्ये शेजाऱ्याशी गप्पा, फोन, खाचेतल्या चिप्स मोजणं, यातलं काही नको. टेबलाजवळ फोन वापरू देत नाहीतच. खेळताना दारू फुकट मिळते, पण फासे हातात असताना पाणी बरं. ग्लास कठड्याखालच्या फळीवर ठेवायचा, कठड्यावर कधीच नाही, आणि टेबलावरून पलीकडे द्यायचा नाही. कापड ओलं झालं की तेवढ्या भागात चिप्स चिकटतात, फासे अडतात, आणि खेळ थांबवून कापड वाळवत बसावं लागतं.

पाळी लांबली की मोह होतो, बेट वाढवण्याचा. वाढवा, पण पैसे मिळाल्यावर, फासे मधोमध असताना, डीलरला स्पष्ट शब्दांत सांगून: चिप्स त्याच्यापुढे ठेवायच्या, मग आकडा आणि रक्कम. फासे हातात घेऊन ओरडून सांगितलेली बेट डीलर नाकारू शकतो, आणि दानानंतर त्यावरून वाद घालण्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नाही.

शूटर दुसरा असताना

‘डाइस आर आऊट, हँड्स अप’ ऐकलं की हात टेबलाबाहेर. फासा कुणाच्या हाताला लागून सात आले तर सगळं टेबल त्या हाताच्या मालकाला दोष देतं. समजूत खोटी असली तरी पैसे हरलेल्या बारा माणसांना ते पटवून देणं जमणार नाही. बेट लावायला उशीर झाला तर ती फेक सोडून द्या.

पास, कम (पॉईंट ठरल्यावर लावायची, पास लाईनसारखीच पण स्वतःचा वेगळा आकडा धरणारी बेट) आणि फील्ड (फक्त पुढच्या एका फेकीवरची) या बेट्स आपल्या हाताने ठेवायच्या. प्लेस आणि मधल्या चौकटीतल्या बेट्स डीलर किंवा स्टिकमन ठेवतो. तिकडे हात घालायचा नाही. दुसऱ्याच्या चिप्सना तर बोटही लावू नका, मदत म्हणूनही नाही.

कोणी डोन्ट पासवर खेळत असेल, तर तो सात येण्याची वाट पाहत असतो. नियमाने त्यात काही गैर नाही, कॅसिनोचा हिस्साही 1.36 टक्के, थोडा कमीच. तुम्ही तसं खेळत असाल तर जिंकल्यावर शांतपणे पैसे उचला. इतरांचे पैसे गेलेले असतात त्याच क्षणी तुमचे आलेले असतात.

आणि पॉईंट ठरल्यावर ‘सेव्हन’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जुने खेळाडू ‘बिग रेड’ म्हणतात. हा शब्द न उच्चारण्यात तुमचं काहीच जात नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्यांचा मान राहतो.

डीलरसाठी, आणि निघताना

अमेरिकेत डीलरचं बरंचसं उत्पन्न टिपवर चालतं. चांगला डीलर नवख्याला ऑड्सची आठवण करून देतो, चुकीची रक्कम दुरुस्त करतो. त्याच्यासाठी पास लाईनवर आपल्या बेटच्या कडेला एक 5 डॉलरची चिप ठेवा आणि कम-आऊटआधी ‘धिस इज फॉर द डीलर्स’ म्हणा. तुमची पाळी चालू असताना हे केलंत तर जिंकलं काय, हरलं काय, ते तुमच्याबरोबर फाशांकडे बघतात. हार्डवेवर त्यांच्यासाठी लावण्याचीही प्रथा आहे, पण तिथे कॅसिनोचा हिस्सा सहापटीहून जास्त असतो. त्यांच्या पैशांनाही पास लाईनच बरी.

निघायचं ठरलं की आपली पाळी संपू द्या. पाळी चालू असताना फासे सोडून निघता येतं, पण बाकीच्यांची लय मोडते. फासे मधोमध आल्यावर सगळ्या चिप्स टेबलावर आपल्यापुढे, रंगांनुसार वेगळ्या चळती करून ठेवा आणि ‘कलर अप’ म्हणा. लाल-हिरव्या चळतीच्या जागी काळ्या चिप्स मिळतात. टेबलाला लहान चिप्स परत हव्या असतात आणि तुम्हाला खिसा भरून न्यावा लागत नाही. त्या उचलण्याआधी टेबलावर तुमची एखादी ‘कम’ किंवा प्लेसची बेट राहिली आहे का ते बघून घ्या. गर्दीत विसरलेली अशी बेट तुमच्यामागे चालूच राहते. प्लेसची असेल तर डीलरला ‘टेक मी डाऊन’ म्हणा, तो चिप्स काढून देईल. कमची बेट आकड्यावर गेली असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं.